ताज्या रंगाचा पहिला महिना

डेंटिंग-पेंटिंगचं काम आटोपलं की गॅरेजवाला किल्ली हातात देतो आणि सांगतो, "रंग सुकलाय साहेब, बिनधास्त घेऊन जा." ते खोटं नसतं. बोट लावलं तर चिकटत नाही, धूळ बसली तर झटकली जाते, दरवाजात स्वतःचा चेहरा दिसतो. पण हाताला कोरडा लागणारा हा रंग आतून आणखी काही आठवडे कच्चाच असतो. नेमक्या याच काळात आपण त्याला रोज पुसतो, कव्हर घालतो, पॉलिश चढवतो, सोसायटीचा स्टिकर चिकटवतो. त्यात गिरगाव, दादर, परळ, लालबागमधल्या बहुतेक गाड्या रस्त्यावरच उभ्या असतात. वरून कबुतरं, झाडांचा चीक, बांधकामाची धूळ आणि खारी हवा यांचा मारा चालूच असतो. रंग खरंच कशाने खराब होतो हे एकदा समजलं, की नियम पाठ करावे लागत नाहीत.

आधी रंगाची रचना पाहू. पत्र्यावर गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, त्यावर आपल्याला दिसतो तो रंग म्हणजे बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर हे सगळं मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन भरतं. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यातला क्लिअर कोट जेमतेम ४० ते ५० मायक्रॉनचा. चकाकी त्याचीच, आणि उन्हातले अतिनील किरण अडवून खालचा रंग फिका पडू न देण्याचं कामही त्याचंच. कंपाउंड लावून रबिंग केलं की गाडी चमकते, कारण ओरखड्यांच्या काठांसकट त्या थराचा थोडा भाग घासून निघालेला असतो. दर दिवाळीला रबिंग करून घेणारे लोक चकाकीच्या हौसेपोटी संरक्षणच झिजवत असतात.

चाकणच्या किंवा नाशिकच्या कारखान्यात गाडीचा सांगाडा रंगवला जातो तेव्हा त्याला टायर नसतात, सीट नसतात, वायरिंग नसतं. त्यामुळे तो बिनधोक भट्टीत घालता येतो. गंजरोधक थर १६० अंशांच्या वर भाजला जातो आणि क्लिअर कोट १४० अंशांच्या आसपास. भट्टीतून बाहेर येतो तेव्हा रंग पूर्ण कडक झालेला असतो. गॅरेजमध्ये मात्र पूर्ण गाडीच रंगवायला येते. तिला १४० अंशांत घातली तर बंपर मऊ पडून वाकेल, रबर करपेल, इलेक्ट्रॉनिक्स निकामी होईल. म्हणून चांगल्या पेंट बूथमध्येही तापमान ६० अंशांच्या आसपासच ठेवतात, तेही साधारण अर्धा तास. उरलेलं काम उष्णतेऐवजी रसायनाकडून करून घ्यावं लागतं.

ते रसायन म्हणजे हार्डनर. गॅरेजमध्ये ज्याला 'टू-के' म्हणतात त्या रंगात रेझिन आणि हार्डनर हे दोन घटक फवारणीच्या थोडं आधी एकत्र केले जातात. हार्डनरमधले आयसोसायनेटचे गट रेझिनच्या रेणूंना एकमेकांशी जोडत जातात आणि सुट्या रेणूंचं एक घट्ट जाळं तयार होतं. एकीकडे थिनर उडून जात असतो, दुसरीकडे हे जाळं विणलं जात असतं. पहिल्या दिवसात वेग मोठा असतो, मग तो मंदावतो. लालबाग-परळमध्ये पुनर्विकासाची कामं बघणाऱ्यांना हे लगेच उमजेल. स्लॅब दुसऱ्या दिवशी चालण्याइतका घट्ट होतो, तरी त्याची ताकद २८ दिवसांनी मोजतात. रंगाचंही तसंच. बूथमध्ये नीट भाजलेला रंग लवकर पिकतो. ताडपत्रीच्या आडोशाला मारून हवेवर सुकवलेल्या रंगाला महिना लागतो, जाड थर असेल तर त्याहून जास्त.

या हार्डनरबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. रंग फवारताना उडणारं आयसोसायनेट श्वासात गेलं तर कायमचा दमा जडू शकतो. व्यवसायामुळे होणाऱ्या दम्याच्या सर्वांत प्रसिद्ध कारणांपैकी ते एक आहे. नाकाला रुमाल बांधून त्याच्यापासून बचाव होत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो आणि हवा खेचून घेणारा बूथ लागतो. ज्या गॅरेजमध्ये रंगाऱ्याची एवढी काळजी घेतली जाते तिथे कामही नीट होतं, कारण जो बूथ रंगाऱ्याला वाचवतो तोच ओल्या रंगावर धूळ बसू देत नाही. गॅरेज निवडण्याची मला तरी ही सर्वांत भरवशाची खूण वाटते.

आता पावसाळ्याचं. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईच्या हवेतली आर्द्रता दिवसच्या दिवस ८० टक्क्यांच्या वर राहते. हार्डनर रेझिनशी जसा जोडला जातो तसाच तो पाण्याशीही प्रक्रिया करतो. त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो, थरात बारीक छिद्रं पडतात, चकाकी मंद होते. शिवाय थिनर उडताना पत्रा थंड होतो आणि त्यावर दव धरतं. त्याने रंगावर पांढुरकी छटा येते. बूथ असेल तर हे टाळता येतं, उघड्यावर नाही. गाडीला बारीक खरचटलं असेल आणि पत्रा उघडा पडलेला नसेल, तर गणपतीनंतर आभाळ उघडेपर्यंत काम पुढे ढकलावं. पत्रा दिसत असेल तर मात्र थांबू नये. खाऱ्या हवेत उघड्या लोखंडावर गंज धरायला फार दिवस लागत नाहीत.

रंगाच्या धंद्याशी या भागाचं नातं जुनं आहे. आज कारखान्यांना गाड्यांचा रंग पुरवणाऱ्या देशातल्या मोठ्या कंपन्यांपैकी एक असलेल्या नेरोलॅकची सुरुवात १९२० साली लोअर परळमध्ये 'गॅहॅगन पेंट्स अँड व्हार्निश' या नावाने झाली. एशियन पेंट्स १९४२ साली मुंबईतच चार मित्रांनी एका गॅरेजच्या जागेत सुरू केली. त्या काळच्या मोटारींवरचा रंग आजच्यापेक्षा अगदी वेगळा होता. १९२० च्या दशकात अमेरिकेत ड्यूपाँट आणि जनरल मोटर्स यांनी नायट्रोसेल्युलोजचा 'ड्युको' आणला. त्याआधी एक गाडी व्हार्निशने रंगवून सुकवायला आठवडे लागत. ड्युकोने ते काम तासांवर आणलं. हे नाव इतकं रुळलं की आपल्याकडचे जुने रंगारी आणि सुतार फवारलेल्या कुठल्याही चकचकीत रंगाला अजून ड्युकोच म्हणतात.

ड्युको नुसता थिनर उडून सुकत असे, त्यात जाळं विणलं जात नसे. त्यामुळे तो लवकर निस्तेज होई आणि त्याला वरचेवर पॉलिश करावंच लागे. वर वेगळा क्लिअर कोट नव्हता. पॉलिश केलं की फडक्याला गाडीचाच रंग लागे. वडीलधाऱ्या मंडळींचे सल्ले त्या गाड्यांच्या अनुभवातून आलेले आहेत. घासूनपुसून गाडी चमकती ठेवणं तेव्हा गरजेचं होतं. काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीचा चालक दिवस सुरू करताना ओलं फडकं मारायचा आणि पासिंगच्या आधी रंगाचा नवा हात द्यायचा. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि २० वर्षांची मर्यादा संपल्यावर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली. गाड्या गेल्या, फडक्याची सवय मात्र नव्या क्लिअर कोटवर तशीच चालू राहिली.

शोरूममधून आणलेल्या कोऱ्या गाडीचा रंग भट्टीतून आलेला असतो. तिला महिनाभर धुवायची नाही, पॉलिश लावायचं नाही, ही समजूत चुकीची आहे. ती पहिल्या दिवशीही धुता येते. अपवाद एकच. वाहतुकीत खरचटलेला एखादा दरवाजा शोरूमला येईपर्यंत पुन्हा रंगवलेला असू शकतो. रंगाची जाडी मोजणारं छोटं यंत्र डिटेलिंगवाल्यांकडे असतं. बाकी गाडीवर १२० मायक्रॉन आणि एकाच दरवाजावर २५० दिसले, तर तो दरवाजा दुसऱ्यांदा रंगवला आहे असं समजा.

पुढचं सारं नव्याने रंगवलेल्या गाडीबद्दल.

दादरमध्ये पहिली धास्ती कबुतरांची. १९३३ सालचा कबुतरखाना ऑगस्ट २०२५ मध्ये ताडपत्रीने झाकला गेला, पण कबुतरं इमारतींच्या खिडक्यांवर आणि वळचणींना आहेतच. त्यांच्या विष्ठेतला पांढरा भाग म्हणजे युरिक आम्ल. त्याचा त्रास होतोच, पण उन्हाने होणारं नुकसान त्याहून मोठं असतं. दुपारी बॉनेट तापतं, क्लिअर कोट मऊ होऊन किंचित पसरतो, त्यावरची विष्ठा वाळून कडक होते. संध्याकाळी पत्रा थंड होतो तेव्हा आकसणारा रंग त्या खडबडीत पापुद्र्याभोवती त्याच्याच आकारात बसतो. विष्ठा धुतली तरी खाली मंद डाग राहतो. तो चिकटलेला नसतो, रंगच तिथे खोलगट झालेला असतो. पिकलेल्या रंगाला या सगळ्यासाठी वेळ लागतो, कच्च्या रंगावर एक दुपार पुरते. म्हणून दिसताक्षणी काढा, पण कोरडी खरवडू नका. दाण्यांची टरफलं, वाळूचे कण त्यात असतात. ओला टिश्यू पाच-दहा मिनिटं वर ठेवा, भिजू द्या आणि मग हलक्या हाताने उचला. गाडीत पाण्याची बाटली आणि टिश्यूचा डबा ठेवणं हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय.

झाडाखालची सावली हवीशी वाटते, पण झाड बघून गाडी लावा. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनीतल्या पर्जन्यवृक्षांवर कीड असली की खाली बारीक चिकट थेंब पडत राहतात. तो त्या किडीने टाकलेला गोड स्राव असतो. त्यावर धूळ बसते, मग बुरशी धरते. मे-जूनमध्ये जांभळाखाली उभ्या गाडीचं काय होतं हे सांगायला नको. फिकट रंगाच्या कच्च्या थरात तो जांभळा डाग मुरतो. चिकट थेंब कोमट पाण्याच्या फडक्याने मऊ करून काढावेत. रॉकेल, पेट्रोल किंवा थिनर लावून मुळीच काढू नयेत. थिनर अजून पूर्ण उडालेला नाही अशा रंगाला पुन्हा थिनर दाखवला की तो तिथल्या तिथे सुरकुततो.

परळ-लालबागमध्ये धुळीचा वाटा मोठा. गिरण्यांच्या जागांवरचे टॉवर, चाळींचा पुनर्विकास, काँक्रीटचे रस्ते. ही धूळ साधी माती नसते, तिच्यात सिमेंट असतं. पहाटेच्या दवात भिजून ती रंगावरच जमू लागते आणि तिचा स्वभाव अल्कलीचा असल्याने क्लिअर कोटला खाते. बांधकामाशेजारी गाडी लावावी लागत असेल तर रोज नुसतं पाणी ओतून धूळ वाहून जाऊ द्या. हात किंवा फडकं लावायची गरज नाही. घट्ट झालेले सिमेंटचे थेंब सुरीने, ब्लेडने काढायला जाऊ नका.

समुद्राबद्दल लोकांना वाटते तेवढी भीती बाळगण्याचं कारण नाही. अखंड रंगाखाली मीठ जात नाही. ते जातं जिथे दगड उडून टवका गेला आहे, दरवाजाच्या काठाला रंग सुटला आहे तिथे. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरच्या भरतीला मरीन ड्राइव्हवर लाटा कठड्यावरून गाड्यांवर येतात. अशा दिवशी तिथून गेलात तर घरी आल्यावर गोड्या पाण्याने गाडी वरून, दरवाजांच्या कडांतून आणि खालून धुवा. चाकांच्या वरच्या कमानी विसरू नका. गंजाची सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते.

सण टाळता येत नाहीत आणि टाळूही नयेत. दसऱ्याला गाडीची पूजा होणारच. फक्त रंग महिन्याच्या आतला असेल तर हळदी-कुंकवाचं स्वस्तिक बॉनेटऐवजी काचेवर काढा. हळदीचा डाग उन्हाने हळूहळू उडतो, कुंकवातल्या कृत्रिम लाल रंगाचा भरवसा नाही. झेंडूचा हार चिकटपट्टीने रंगावर चिकटवू नका. पट्टी काढताना कच्चा रंग सोबत येऊ शकतो. हार बांधून वेगात गाडी चालवली की दोरा आणि देठ रंगावर सतत आपटतात, तेव्हा पूजा झाली की एका फेरीनंतर तो उतरवून ठेवा. गणपतीत लालबागमध्ये आणि विसर्जनाला गिरगाव चौपाटीच्या वाटेवर गुलाल उधळला जातो. तो कोरडा असताना झटकला की ओरखडे पडतात, ओला करून चोळला की रंग पसरतो. भरपूर पाण्याने वाहू द्यावा. सगळ्यांत बरं म्हणजे त्या दिवसांत गाडी मिरवणुकीच्या रस्त्यावरून आधीच हलवावी. नाहीतर वाहतूक पोलीस ती हलवायला लावतातच.

कव्हर, स्टिकर, पॉलिश ही तिन्ही कामं एकाच कारणासाठी थांबवायची असतात. आत अडकलेला थिनर बाहेर पडायला वाट हवी. मेण किंवा सिलिकॉनचं पॉलिश, सिरॅमिक कोटिंग, रंगावरची पारदर्शक फिल्म यांनी वरचं दार लवकर बंद झालं, तर थर मऊ राहतो, चमक काही दिवसांत बसते, कधी बारीक फोड येतात. हवेवर सुकवलेल्या रंगाला निदान ३० दिवस द्या, गडद आणि जाड थराला ६० द्या. बूथमधल्या रंगाचा काळ रंगाच्या कंपनीच्या माहितीपत्रकात दिलेला असतो. गॅरेजवाल्याकडे तो विचारा. दुपारच्या उन्हात तापलेल्या दरवाजाजवळ थिनरचा वास येत असेल तर अजून थांबायचं. कोटिंगवाल्याने "आजच लावून देतो" म्हटलं तर ती घाई त्याच्या सोयीची आहे. प्लास्टिकचं चंदेरी कव्हर तर पावसाळ्यात पिकलेल्या रंगालाही वाईट. आत ओल कोंडते आणि वाऱ्याने फडफडताना आतली धूळ रंगावर घासत राहते.

गाडी ताब्यात घेताना गॅरेजकडून उरलेल्या बेस कोटची छोटी बाटली मागून घ्या. त्यात हार्डनर घातलेला नसतो, म्हणून तो टिकतो. मेटॅलिक रंगाची नेमकी छटा पुन्हा जुळवणं किती अवघड असतं हे टवका उडाल्यावर कळतं. गाडीचा रंगाचा कोडही बिलावर लिहून घ्या.

राहता राहिलं धुणं. पहिला आठवडा शॅम्पू नको, ब्रशचं ऑटोमॅटिक वॉशिंग महिनाभर नको आणि प्रेशरचं पाणी ताज्या रंगाच्या कडांवर जवळून मारू देऊ नका. नंतर सावलीत, पत्रा थंड असताना, गाडीसाठीच्या शॅम्पूने वरून खाली धुवावं. कपडे धुण्याची पावडर वापरू नये. तांसा, भातसा, वैतरणेचं नळाचं पाणी त्या मानाने मऊ आहे, पण अनेक इमारतींत गाड्यांसाठी बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी वापरतात. ते उन्हात वाळलं की क्षारांची पांढरी वर्तुळं उमटतात. असं पाणी गाडीवर वाळू द्यायचं नाही, लगेच टिपून घ्यायचं.

पण बहुतेक घरांत गाडी मालक धूत नाही. पहाटे एक माणूस येतो. एक बादली पाणी, एक फडकं आणि ओळीने उभ्या दहा-बारा गाड्या. पाचव्या गाडीपर्यंत बादलीत गाळ झालेला असतो आणि तोच गाळ पुढच्या प्रत्येक गाडीवर फिरतो. पाणीकपातीच्या दिवसांत तर गाडी कोरडीच पुसली जाते. उन्हात गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारखी जी गोल गोल रेघांची नक्षी दिसते ती यातून आलेली असते. कच्च्या रंगावर ती महिन्याभरात दिसू लागते आणि मग रबिंगशिवाय निघत नाही. दोष त्या माणसाचा नाही. गाड्या चकचकीत दिसाव्यात एवढंच त्याला सांगितलेलं असतं आणि पाणी मिळेल तेवढंच असतं.

म्हणून गाडी रंगवून आणलीत की आधी त्याच्याशी बोला. महिनाभर हिला फडकं लावू नका, पगार ठरलेलाच मिळेल, असं सांगा. त्यानंतर तुमच्या गाडीसाठी दोन स्वतंत्र बादल्या आणि तीन-चार मायक्रोफायबर फडकी त्याच्या हातात द्या. एका बादलीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत फडकं खळबळण्याचं साधं पाणी. आधी गाडीवर पाणी ओतायचं, मगच फडकं लावायचं. फडकं खाली पडलं तर ते त्या दिवशी पुन्हा गाडीला लावायचं नाही. आणि आठवड्यातून दोनदा पुसलं तरी पुरे, हेही त्याला स्वतः सांगा, कारण तुम्ही सांगितल्याशिवाय तो रोज पुसणं थांबवणार नाही.